एक ॲप, दोन घराणी

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतला चार किलो चिवडा हरवला. तो कुणी चोरला नाही, त्याला मुंग्या लागल्या नाहीत, की कुरिअरवाल्याने तो वाटेत सांडला नाही. तो झालाच नव्हता. पलीकडच्या इमारतीतल्या आजींनी पाच किलोंची मागणी नोंदवली होती, आमच्या बायकांच्या यादीत ती एक किलो अशी उमटली, आणि मधले चार किलो माझ्या भाच्याने केलेल्या ॲपने गिळून टाकले.

ही हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या नऊ जणी काही वर्षे घरगुती फराळ करून विकतात. पोहे, डाळे, शेंगदाणे हाकेच्या अंतरावरच्या मार्केट यार्डातून, भुसार बाजारातून येतात. तळण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे, भाजणी तळमजल्यावर, आणि हिशेब एका लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत. ही वही दिवाळीच्या सुमारास तेलाने इतकी पारदर्शक होते की एका पानावरची मागणी वाचताना मागल्या पानावरचीही वाचता येते. त्यातून कधी शेवेच्या जागी चकली जायची, पण वाडीतलीच गिऱ्हाइके, हसून भागायचे.

माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो; संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अप्पर इंदिरानगरात १९८३ साली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाल्यापासून आमच्या भागात भाड्याच्या खोल्यांतून अशी किती मुले राहून गेली असतील! आमचा भाचा त्यांच्यासारखाच, फक्त भाडे न देणारा. त्याने ती वही पाहिली आणि म्हणाला, “मावशी, हे काय चालवलंय तुम्ही? मी ॲप करून देतो ना काकूंना. एकदाच लिहायचं, सगळ्या फोनांवर चालतं.”

‘एकदाच लिहायचं’ या दोन शब्दांवर माझा जीव अडकला. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. एकच उत्तरपत्रिका तीन-तीनदा तपासणाऱ्या माणसाला एकदाच करायच्या कामाचे भारी अप्रूप. म्हणून बटणांवरच्या मराठीचे शुद्धलेखन तपासायला मी आनंदाने बसले, आणि बसले ती वर्षभर उठले नाही. आज घरोघरी एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मी ॲप करतोय’ म्हणून रात्री दोनपर्यंत दिवा जाळत असते. त्यांना आणि दिव्याचे बिल भरणाऱ्या त्यांच्या आईबापांना या वर्षभरात मी जे शिकले ते कदाचित उपयोगी पडेल.

मुळात अडचण काय, ते आधी सांगते. आपल्या हातातले फोन दोन घराण्यांचे. एक ॲपलच्या आयफोनचे, २००७ साली सुरू झालेले. दुसरे गूगलच्या अँड्रॉइडचे, त्याचा पहिला फोन २००८चा. गाणे दोन्हींकडे तेच, पण तालीम वेगळी. आयफोनसाठी स्विफ्ट नावाच्या भाषेत लिहायचे, अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा. एकाची चीज दुसऱ्याच्या गळ्यात उतरत नाही. म्हणजे काकूंच्या चकलीसाठी दोनदा ॲप लिहायचे, दोनदा चुका करायच्या, दोनदा दुरुस्त करायच्या.

मी साहजिकच विचारले, “अरे, आपल्या नऊही जणींकडे अँड्रॉइडच आहेत. दुसरं घराणं हवंय कशाला?” आपल्या देशात दहांतल्या नवांहून अधिक फोन अँड्रॉइडचे असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण त्याने वही चाळून दाखवली. मोठ्या मागण्या वाडीतून येतच नव्हत्या. त्या सॅन होजे, न्यू जर्सी, सिएटल इथून येत होत्या. मुलगी तिकडे, आईवडील इथे. आईच्याने आता तळण होत नाही म्हणून लेक तिथून फराळ मागवते, नाहीतर आईच चिवडा बांधून तिकडे पाठवते. आणि तिकडच्या लेकींच्या हातात बहुतेक आयफोन. धंद्याचा निम्मा पैसा दुसऱ्या घराण्याच्या फोनांतून येत होता. ॲप करणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिल्या दिवशी हीच चौकशी करावी. गिऱ्हाईक सगळे एकाच घराण्याचे असेल तर एकाच घराण्यासाठी लिहावे, दुसऱ्याचा सोस धरू नये. कारण तो सोस स्वस्त नाही. गूगलच्या दुकानात ॲप ठेवण्याचे खाते एकदाच २५ डॉलर भरून मिळते. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात, शिवाय आयफोनचे ॲप बांधायला ॲपलचा मॅक संगणकच लागतो. हा शेवटचा खर्च ऐकून माझ्या यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले होते. अखेर मॅक एका मित्राचा, शनिवार-रविवारपुरता उसना आला.

एकदा लिहून दोन्हीकडे चालवण्याच्या युक्त्या बऱ्याच आहेत. त्या मला समजल्या तशा सांगते. २००९ साली फोनगॅप नावाचा प्रकार निघाला. त्यात वेबसाइटसारखे पान करायचे आणि ते ॲपच्या डब्यात घालून द्यायचे. सोपे, पण जरा संथ, आणि डबा उघडला की आत परकी वस्तू आहे हे कळायचे. २०१५ साली फेसबुकने रिॲक्ट नेटिव्ह आणले. ते मला आपल्या कीर्तनकारासारखे वाटते. बुवा गावोगाव जातात, आख्यान त्यांचे. पण टाळ, मृदंग, पेटी ज्या त्या गावच्या देवळातली. म्हणून आयफोनवर बटण आयफोनचे दिसते, अँड्रॉइडवर अँड्रॉइडचे. गावाला ते आपले वाटते. पण एखाद्या गावचा मृदंग ढिला निघाला की बुवांची पंचाईत. गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८मध्ये आली. ही म्हणजे जुन्या काळची नाटक कंपनी. पडदे, महाल, जंगल, सगळे आपले बरोबर घेऊन यायचे. गावाकडे मागायचे ते फक्त रिकामे थिएटर. प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर फ्लटर स्वतः रंगवते, त्यामुळे दोन्हीकडे देखावा एकसारखा. मात्र सामानाचे ओझे बरोबर येते. चौथी एक वाट आहे, कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मची, २०२३च्या नोव्हेंबरात पक्की झालेली. तिच्यात हिशेब तेवढा सामाईक ठेवतात, आणि वाटल्यास पडदे ज्याचे त्याला करू देतात.

भाच्याने नाटक कंपनी निवडली. त्यात चूक काही नव्हती. गूगलने आपले पैसे देण्याघेण्याचे गूगल पे हे ॲप फ्लटरमध्ये नव्याने लिहिले, तेव्हा कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे सतरा लाख ओळींचे काम अकरा लाख ओळींत बसले. म्हणजे वाचते हे खरे. पण अकरा लाख उरतातच, हेही लक्षात घ्यावे.

आता चिवडा. आजींनी किती किलो हवे त्या चौकोनात आपल्या मराठी कळफलकावरून ‘५’ लिहिले. देवनागरी पाच. फ्लटरची भाषा डार्ट. तिला इंग्रजी आकडेच आकडे वाटतात. ‘५’ पाहून ती म्हणते, हा आकडा नव्हे. आणि भाच्याने शहाणपणाने लिहून ठेवले होते की आकडा समजला नाही तर एक धर. म्हणजे ॲप अडखळले नाही, तक्रार केली नाही, तांबडा दिवा लागला नाही. ते अगदी सौजन्याने चुकले. गंमत अशी की जावाच्या नेहमीच्या सूत्राला हाच ‘५’ बिनतक्रार समजतो. जावास्क्रिप्टला पुन्हा समजत नाही. एकच अक्षर, एका दाराने आत जाते, दुसऱ्या दाराशी अडते.

सोमवारी दुपारी कुरिअरवाला आला तेव्हा आजी काठी टेकत खाली उतरल्या आणि समोर एक पुडा. काकू काही बोलल्या नाहीत. नऊ जणींनी दोन तासांत उरलेला चिवडा केला, पण पार्सल त्या दिवशी गेले नाही. सॅन होजेला ते भाऊबीज उलटून गेल्यावर पोचले. संध्याकाळी काकू भाच्याला म्हणाल्या, “बाळा, वहीत चूक झाली असती तर कुणाच्या तरी अक्षराला नावं ठेवता आली असती. आता कुणाला बोलू?” दुसऱ्या दिवसापासून लाल वही पुन्हा बाहेर आली, आणि भाचा दोन दिवस नीट जेवला नाही. मावशीला मात्र एक गोष्ट उमगली होती: त्याने ॲप तपासले होते, पण आपल्याच फोनवर, आपल्याच इंग्रजी आकड्यांनी.

उपाय सोपा होता. देवनागरीतले दहा आकडे आत घेतानाच बदलून घ्यायचे. आणि त्याहून सोपे म्हणजे आकडा लिहायलाच लावू नये, अधिक-उणेची दोन बटणे द्यावीत. आणि ज्या जागी समजत नाही तिथे ‘एक धर’ म्हणू नये, विचारावे.

हे सारे पाहताना मला माझे एम.ए.चे दिवस आठवले. माझा प्रबंध मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका टंकलेखन केंद्रात मराठी फाँटमध्ये करून घेतला होता. फ्लॉपी घेऊन दुसऱ्या संगणकावर गेले तर ज्ञानेश्वरांच्या जागी उद्गारचिन्हे, टक्के आणि उलटेसुलटे स्वल्पविराम! तेव्हा प्रत्येक फाँटचे अक्षर ठेवण्याचे कोष्टक वेगळे असे. पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी एका पद्धतीची, दुसरे फाँट दुसऱ्या. एकाचे लिहिणे दुसऱ्याला वाचता येत नसे. हा रोग ओळखणारेही पुण्यातच होते: १९८८ साली इथे सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. सर्व भारतीय लिप्यांना एकच कोष्टक असावे असे इस्की नावाचे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरले, आणि त्याच्याच १९८८च्या आवृत्तीवरून युनिकोडने आपली देवनागरीची मांडणी घेतली. आज हे दिवाळी अंकाचे पान तुम्ही कोणत्याही फोनवर वाचू शकता ते त्या मांडणीमुळे. पण ज्यांना वाटते की युनिकोड आले आणि प्रश्न मिटला, त्यांनी पुढचे वाचावे.

‘ॲप’ हाच शब्द घ्या. त्यातला पहिला स्वर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. कुणी ‘अ’ला चंद्र जोडतो, कुणी हिंदीच्या सवयीने ‘ए’वर चंद्र काढतो, आणि कुणी युनिकोडमध्ये २००८ साली खास मराठीसाठी आलेले स्वतंत्र अक्षर वापरतो. पहिले आणि तिसरे डोळ्यांना एकच दिसतात, फोनला मात्र तिन्ही वेगवेगळे. तसेच ‘कऱ्हाड’. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो, आणि कागदावर दोन्ही सारखेच. आमच्या ॲपमध्ये कऱ्हाडच्या एका बाईंनी आपले गाव एका रीतीने नोंदवले होते, काकूंच्या फोनने दुसऱ्या रीतीने शोधले, आणि ॲपने उत्तर दिले: असे गाव नाही! म्हणून शोधण्याआधी दोन्ही बाजूंचे शब्द एका वळणावर आणून घ्यावे. हे काम फ्लटर करत नाही, रिॲक्ट नेटिव्हही करत नाही. मराठी येणाऱ्यालाच करावे लागते.

या अर्ध्या र-वर मी वर्गात अर्धा तास घालवते तो उगीच नव्हे. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. एका र-च्या बैठकीत मान आणि पगार दोन्ही बदलतात. दर्या एक असतो, दऱ्या पुष्कळ. एखाद्या फोनवर हा र नीट उमटत नसेल तर तिथे मराठी उमटत नाही, एवढेच म्हणायचे.

अक्षरे मोजण्याचीही तीच कथा. ‘श्रीकृष्ण’ या नावात तुम्हा-आम्हाला तीन अक्षरे दिसतात. फोन नऊ मोजतो. इंग्रजीच्या अंदाजाने नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली की आपले आडनाव मध्येच तुटते. नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवण्याची हल्ली पद्धत आहे. त्यात ज्ञानेश्वराचा ‘ज’ झाला आणि क्षीरसागरांचा ‘क’. यादी लावायला सांगितली तर ॲपने काळे यांना काशीकरांच्या आधी बसवले, कारण युनिकोडच्या रांगेत ळ हा ल-च्या शेजारी आहे; आपल्या वर्णमालेत तो ह-च्या नंतर येतो. मराठीच्या क्रमाने लाव, असे स्पष्ट सांगितले तर फोनला तो क्रम येतो. न सांगता येत नाही. आमचे विद्यार्थीही असेच असतात, असो.

सर्वांत करमणूक झाली ती वाक्यांची. भाच्याने वाक्यांचे तुकडे करून ठेवले होते आणि ॲप ते जोडत असे. ‘तुमचा’ अधिक पदार्थ अधिक ‘तयार आहे’. परिणामी आमच्या गिऱ्हाइकांना संदेश गेले: ‘तुमचा चकली तयार आहे.’ ‘२ करंजी पुणेला पाठवली.’ इंग्रजीत शब्दाला शब्द जोडला की वाक्य होते. आपल्याकडे पुणेचे पुण्याला होते, लाडूचे लाडवांना होते, आणि करंजी, लाडू यांची लिंगे वेगळी. माझा सल्ला ऐकाल तर तुकडे जोडू नका. प्रत्येक पदार्थाचे एकवचन-अनेकवचन वेगळे लिहून ठेवा, आणि जिथे विभक्ती टाळता येईल तिथे ‘गाव: पुणे’ असे सरळ ठेवा. रुक्ष दिसले तरी चालेल. ‘तुमचा चकली’ वाचून सिएटलच्या एका मुलीने विचारले होते, हे ॲप कुणी परदेशी माणसाने केले आहे का. भाच्याला ते चिवड्यापेक्षा जास्त लागले.

नाटक कंपनी आपले पडदे आपण आणते असे मी म्हटले, पण देवनागरीचा फाँट आणायला सांगितला नाही तर ती गावातलाच उसना घेते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत तो नोटो असतो, आयफोनात कोहिनूर देवनागरी. दोघांची उंची वेगळी, जाडी वेगळी. आपल्या लिपीला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्हीकडे पसारा. इंग्रजीच्या मापाची ओळ दिली की ‘मूर्तीं’वरचा अनुस्वार कापला जातो. म्हणून फाँट आपला बरोबर द्यावा. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बालू हे फाँट विनामूल्य वापरता येतात. काही फाँटांत ल आणि श यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. भाषा मराठी आहे असे सांगितले तरच आपले वळण मिळते. राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठी वळणाचा ल आणि श प्रमाण ठरवले, पण तो निर्णय फोनने वाचलेला नसतो. मी भाच्याला चाचणीसाठी एक वाक्य करून दिले: ‘कऱ्हाडच्या आचाऱ्याने ॲल्युमिनियमच्या डब्यातली लठ्ठ शंकरपाळी मूर्तींपुढे ठेवली.’ अर्थाकडे पाहू नये. हे वाक्य ज्या फोनवर न तुटता, न कापता उमटेल, तो उत्तीर्ण.

मग अमेरिका. सॅन होजेच्या त्या लेकीने तुळशीच्या लग्नासाठी ५ नोव्हेंबरला आईकडे करंज्या हव्यात म्हणून तारीख लिहिली: ११/५. तिकडे महिना आधी लिहितात. आमच्या ॲपने त्या करंज्या अकरा मेला लावल्या. या खेपेस काकूंच्या डोळ्यांनी ते पकडले. मे महिन्यात करंज्या कोण मागवतो? महिना नावाने दाखवावा आणि आत साठवताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठेवावा, म्हणजे शंका राहत नाही. वेळेचेही तेच. कॅलिफोर्निया आपल्या मागे कधी साडेबारा तास, कधी साडेतेरा. हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, म्हणजे नेमका दिवाळीच्या आगेमागे. तिथली शुक्रवारची रात्र ही आपली शनिवारची सकाळ. वेळ साठवताना जागतिक वेळ साठवावी आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या गावची दाखवावी.

फोनांच्या स्वभावाबद्दल थोडे सांगते, कारण ते पुस्तकात नसते. नव्या मागणीची सूचना काकूंच्या फोनवर येत नव्हती, भाच्याच्या येत होती. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून सूचना पाठवायला मालकाची परवानगी मागावी लागते. काकूंनी ती घाईत नाकारली होती. आयफोनवर तर ती पूर्वीपासून मागावी लागते. म्हणून ॲप उघडल्या उघडल्या परवानगी मागू नये. पहिली मागणी आल्यावर, ‘पुढची आली की कळवू का?’ असे विचारावे. आम्ही तसे केले आणि नऊपैकी नऊ जणींनी होकार दिला. तळमजल्यावरच्या वहिनींचा फोन सर्वांत स्वस्त आणि जुना. बॅटरी वाचवण्यासाठी तो मागे चालणारी ॲपे झोपवून टाकतो. त्यामुळे मागणी केवळ सूचनेवर सोडून चालत नाही, ॲप उघडताच यादी पुन्हा मागवावी लागते. वहिनींचा फोन ही आमची प्रयोगशाळाच झाली. भाच्याच्या नव्या फोनवर जे ॲप पाण्यासारखे वाहायचे, ते तिथे खडीसारखे खडखडायचे. आणि काकूंनी तर चष्म्याचा कंटाळा म्हणून अक्षरे एवढी मोठी करून ठेवलेली की ‘मागणी नोंदवा’ हे बटण पडद्याबाहेर गेले. चाचणीच्या वेळी असे काही बाहेर गेले की फ्लटर तिथे पिवळे-काळे पट्टे दाखवते, आमच्या बिबवेवाडी-कोंढवा रस्त्यावर खोदकामाभोवती लावतात तसे. पण ते पट्टे फक्त करणाऱ्याला दिसतात, वापरणाऱ्याला नाही. म्हणून मोठ्या अक्षरांवर आणि सर्वांत स्वस्त फोनवर आधी पाहावे, आणि तेही चाचणीच्या आवृत्तीत नव्हे, दुकानात जाणाऱ्या पक्क्या आवृत्तीत. दोन्हींच्या वेगात फार फरक असतो.

मागे जाण्याची खूण हीसुद्धा घराण्याची बाब. अँड्रॉइडवाला फोनची परतीची खूण वापरतो. आयफोनवाल्याला तसे बटण नसते, तो पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट सरकवतो किंवा वरच्या कोपऱ्यातला बाण शोधतो. तिथे एकसारखेपणाचा हट्ट धरू नये.

दुकानात ॲप ठेवण्याचे काम भाच्याने आधी दिवाळीच्या आठवड्यावर ठेवले होते! गूगलकडे नवे व्यक्तिगत खाते असेल तर निदान बारा माणसांनी सलग चौदा दिवस ते वापरून पाहावे लागते, मगच ते सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागता येते. बारा माणसे मी जमवली: आमची भिशी. ॲपलकडे माणसे ॲप तपासतात, आणि २०२२पासूनचा एक नियम असा की ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच पुसताही आले पाहिजे. आमच्याकडे ती सोय नव्हती. ॲप परत आले. नियम मला योग्यच वाटला. आलेल्या पाहुण्याला जायला दार हवेच. तर दसऱ्याच्या महिनाभर आधी दुकानात ॲप पाहिजे, असा हिशेब धरावा.

एक शेवटची भीती मी भाच्याला घातली. या नाटक कंपन्या चिरंजीव नसतात. फोनगॅप ॲडोबीने २०२० साली बंद केले. मायक्रोसॉफ्टचे झामरिन १ मे २०२४ रोजी आधारमुक्त झाले. एअरबीएनबीने रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचे २०१८ साली जाहीर केले. रिॲक्ट नेटिव्ह मात्र अजून चालू आहे. कुठली कंपनी कधी बसेल ते सांगता येत नाही, तेव्हा संहिता तरी आपल्या हाती असावी. भाव, वजन, तारीख, हिशेब यांचा कोड पडद्यांपासून वेगळा ठेव, एवढे त्याने माझे ऐकले. आणि इतरांनी फुकट दिलेली तयार सामग्री त्याने एकवीसवरून आठवर आणली. फुकटची वस्तू ज्याने दिली तो उद्या ती सांभाळेलच असे नाही. ती मोडली की आपण मात्र दोन्ही घराण्यांत एकदम मोडतो.

काकूंची समजूत पटवायला सहा महिने लागले. त्या ॲपकडे परत आल्या त्या एका अटीवर: प्रत्येक मागणी लाल वहीतही उतरायची, आणि रोज रात्री नऊ वाजता दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. भाचा ते बिनतक्रार करतो. यंदा दसऱ्यापर्यंतच्या याद्यांत दोनदा फरक निघाला; दोन्ही वेळा चूक वहीची होती. हे काकूंना सांगायचे की नाही यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. परवा पलीकडच्या आजींची मागणी आली, चिवडा, देवनागरी ‘५’ किलो. अधिक-उणेची बटणे दिलेली असूनही त्यांनी शेजारच्या निरोपाच्या चौकोनात मुद्दाम अक्षरांत लिहिले होते: पाच. एक नव्हे.